पैशाची मागणी, व्याजदर व चलनविषयक धोरण : सातारा-सांगलीच्या लहान अर्थव्यवस्थेच्या संदर्भात

प्रस्तावना

पैशाची मागणी ही संकल्पना पदवी अभ्यासक्रमात बहुधा समीकरणांच्या रूपाने शिकविली जाते. फिशर यांचे विनिमय समीकरण, केंब्रिज अर्थतज्ज्ञांचा रोख शिल्लक सिद्धांत, केन्स यांची रोखता पसंती आणि त्यानंतरची बॉमोल, टोबिन व फ्रीडमन यांची मांडणी विद्यार्थी या क्रमाने अभ्यासतात आणि परीक्षेत तशीच उतरवितात. परंतु उसाचे बिल केव्हा जमा होणार, सोसायटीचे कर्ज मुदतीत फिटणार की नाही, बेदाण्याची पट्टी दिवाळीपूर्वी हाती पडेल का, हे जे प्रश्न कृष्णा व येरळा नद्यांच्या खोऱ्यांतील घराघरांत दरवर्षी विचारले जातात, ते मूलतः पैशाच्या मागणीचेच प्रश्न होत, ही गोष्ट क्वचितच स्पष्ट केली जाते.

प्रस्तुत लेखात सातारा व सांगली हे दोन जिल्हे एक लहान अर्थव्यवस्था मानून तेथील पैशाची मागणी कशावर अवलंबून असते आणि मुंबईत ठरलेला व्याजदर तेथपर्यंत कोणत्या रूपाने पोहोचतो, याचे विवेचन केले आहे. या भागात पैशाची मागणी व्याजदरापेक्षा उत्पन्न हाती येण्याच्या तारखेवर अधिक अवलंबून आहे, आणि व्याजदरातील बदलसुद्धा येथे दर म्हणून न येता विलंब म्हणून येतो, असे लेखकाचे प्रतिपादन आहे.

'लहान' अर्थव्यवस्थेचा अर्थ

आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्रात 'लहान' हा शब्द क्षेत्रफळाशी वा लोकसंख्येशी निगडित नाही. जिला आपल्या मालाची किंमत व व्याजदर स्वतः ठरविता येत नाहीत, बाहेर ठरलेले दर जिला गृहीत धरून चालावे लागते, ती लहान अर्थव्यवस्था. विनिमय दर स्थिर ठेवला व भांडवलाची ये-जा मुक्त असली तर अशा देशाला स्वतंत्र चलनविषयक धोरण राबविता येत नाही, हे रॉबर्ट मुंडेल व मार्कस फ्लेमिंग यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. नेपाळने १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर बांधून घेतला आहे; भूतानचे चलन भारतीय रुपयाशी समान मूल्याने जोडलेले आहे. या देशांना निदान स्वतःची मध्यवर्ती बँक तरी आहे. सातारा-सांगलीला तीही नाही. चलन एकच, बँकिंगचा कायदा एकच, आणि ठेवीदाराने मनात आणले तर कराडची ठेव क्षणात मुंबईच्या भांडवल बाजारात जाते. तेव्हा हे दोन जिल्हे मुंडेल यांच्या प्रतिमानाचे टोकाचे उदाहरण ठरतात: धोरण शून्य, पण पैशाची मागणी मात्र पूर्णतः स्वतःची.

या दोन जिल्ह्यांचा एकत्र विचार करण्यास इतिहासाचाही आधार आहे. संस्थाने विलीन झाल्यानंतर १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याची विभागणी होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वी हा सारा प्रदेश म्हणजे ब्रिटिश मुलूख आणि सांगली, मिरज, जत, औंध, फलटण अशा संस्थानांची गोधडी होती. मराठेशाहीत तर अंकुशी, चांदवडी अशी अनेक प्रकारची नाणी एकाच बाजारात फिरत आणि एका नाण्याचे दुसऱ्यात रूपांतर करताना सराफ बट्टा कापून घेत. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारचा एकच रुपया ठरला आणि पुढे हळूहळू बट्टा गेला. त्याबरोबर स्थानिक चलनाचे उरलेसुरले स्वातंत्र्यही गेले.

हंगाम आणि चलनाची टंचाई

शेतीप्रधान प्रदेशात पैशाची मागणी वर्षभर सारखी नसते, ही जाणीव भारतीय चलनव्यवस्थेत फार जुनी आहे. केन्स यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय चलनावरील ग्रंथात हिंदुस्थानातील बँक दराच्या या ऋतुमानाची विस्ताराने चर्चा केली आहे. पावसाळ्यात तीन-चार टक्क्यांवर रेंगाळणारा दर सुगीनंतर सात-आठ टक्क्यांपर्यंत चढे. कारण उघड होते. पीक बाजारात आले की ते उचलण्यासाठी व्यापाऱ्याला रोकड लागे, आणि चलनाचा पुरवठा मात्र लवचीक नव्हता. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या इंपीरियल बँकेला हुंड्यांच्या तारणावर हंगामापुरते जादा चलन मिळण्याची सोय त्याच दशकात करण्यात आली. रिझर्व्ह बँकेची स्थापना १९३५ ची. तिचे पतधोरणही पुढे अनेक दशके वर्षातून दोनदा जाहीर होत असे: नोव्हेंबर ते एप्रिल या धामधुमीच्या हंगामासाठी एकदा आणि मे ते ऑक्टोबर या मंदीच्या हंगामासाठी एकदा. आज पतधोरण समिती साधारणतः दोन महिन्यांनी बैठक घेते व तिची नजर किरकोळ महागाईच्या चार टक्के या लक्ष्यावर असते. हंगाम हा शब्द धोरणाच्या भाषेतून बाहेर पडला. सांगलीच्या मार्केट यार्डातून मात्र तो गेलेला नाही.

(केन्स यांच्या सुवर्ण विनिमय परिमाणाच्या समर्थनाला दहा वर्षांनी, १९२३ मध्ये, रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधातून ज्यांनी सडेतोड उत्तर दिले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शालेय शिक्षण १९०० मध्ये साताऱ्याच्या शाळेत सुरू झाले होते, हे येथे जाता जाता नोंदवावेसे वाटते. सरकारच्या हाती चलनाचा पुरवठा मोकळा सोडला तर रुपयाची क्रयशक्ती घसरते आणि गरिबाला त्याची झळ बसते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.)

हळदीचा सौदा फेब्रुवारी-मार्चमध्ये भरात येतो, उसाचे गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालते, द्राक्षे व बेदाणा यांचा पैसा उन्हाळ्यात सुरू होतो. सांगलीजवळच्या हरिपूर येथे जमिनीतील पेवांत हळद साठवून ठेवण्याची प्रथा होती. पेवात हळद ठेवणे म्हणजे पैसा न घेता थांबणे होय. भाव चढेल या अपेक्षेने शेतकरी वा व्यापारी रोकडीऐवजी माल धरून ठेवी. केन्स यांच्या सट्टा हेतूत माणूस रोख्यांऐवजी रोकड धरून ठेवतो. येथे तो रोकडीऐवजी हळद धरून ठेवी. अपेक्षेचे तत्त्व एकच, दिशा मात्र उलटी. २००५ च्या महापुरात यातील बहुतांश पेवांची हानी झाली आणि साठवण गोदामे व शीतगृहांकडे वळली.

ऊस आणि दूध : एक हिशेब

उत्पन्न किती यापेक्षा ते किती वेळा मिळते यावर पैशाची मागणी ठरते, हे फिशर यांनी सांगितले आहे. आपल्या भागातील दोन पिकांच्या, खरे म्हणजे एका पिकाच्या व एका जोडधंद्याच्या, उदाहरणाने ते पडताळून पाहता येते.

दोन एकर उसाचा धनी असलेला एक शेतकरी कल्पू. एकरी ४० टनांप्रमाणे ८० टन ऊस कारखान्याला गेला व टनाला ३,००० रुपये मिळाले, तर वर्षाचे उत्पन्न २,४०,००० रुपये होते. ही रक्कम एकदाच हाती आली व वर्षभर सारख्या गतीने खर्च झाली, तर त्याच्याजवळील सरासरी शिल्लक १,२०,००० रुपये राहील. आता तेवढेच उत्पन्न दुधापासून मिळविणारे दुसरे कुटुंब घेऊ. दूध संस्था दर दहा दिवसांनी बिल देते असे मानले तर वर्षात ३६ बिले होतात, प्रत्येक बिल सुमारे ६,६६७ रुपयांचे असते आणि सरासरी शिल्लक अवघी ३,३३३ रुपये राहते. उत्पन्न समान, व्याजदर समान, तरी पैशाच्या मागणीत ३६ पटींचा फरक. पहिल्या घरात पैशाचा भ्रमणवेग वर्षाला दोन, दुसऱ्यात ७२.

प्रत्यक्षात उसाचा शेतकरी सव्वा लाख रुपये घरात ठेवत नाही, हे खरे आहे. बिलातून सोसायटीची वसुली परस्पर कापली जाते, मुलीच्या लग्नासाठी घेतलेले हातउसने फेडले जातात, थोडे सोने होते, काही रक्कम पतसंस्थेत जाते. बॉमोल व टोबिन यांची मांडणी हीच आहे की रोकड बाळगण्याने व्याज बुडते म्हणून माणूस ती गुंतवितो, आणि गुंतवणूक मोडण्यास त्रास व खर्च येतो म्हणून काही रोकड जवळ ठेवतो. मात्र त्यांचा सिद्धांत असे गृहीत धरतो की उत्पन्न कोणत्या दिवशी येणार हे माणसाला ठाऊक असते. आपल्याकडे नेमके हेच अनिश्चित असते. अशा स्थितीत व्यवहार हेतू व दक्षता हेतू वेगळे काढता येत नाहीत. बिल लांबले तर काय, या एका प्रश्नापोटी शेतकरी कुटुंब जनावर, सोने, भिशी व शेजाऱ्याची पत अशी चार ठिकाणी आपली तरलता राखून ठेवते. माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत या राखीव साठ्यात शेळ्यामेंढ्यांना आणि बाहेरून येणाऱ्या पैशाला मोठे स्थान आहे. खानापूर-आटपाडी व लगतच्या भागातील गलाई व्यावसायिक देशभर सोने-चांदी शुद्ध करण्याचा धंदा करतात व त्यांचा पैसा गावाकडे येतो. तो पैसा पावसावर अवलंबून नसल्यामुळे त्याची किंमत त्याच्या रकमेहून जास्त असते.

दूध व्यवसायाला केवळ पूरक धंदा म्हणून प्रशस्तिपत्र देण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. चलनाच्या दृष्टीने पाहता तो ऊसशेतीचा रोखपाल आहे. दहा दिवसांचे बिल किराणा भागवते, म्हणूनच उसाचे बिल लांबले तरी घर चालते.

व्याजदरांची उतरंड

व्याजदर असा एकवचनी शब्द आपण वापरतो, परंतु एकाच गावात एकाच दिवशी निदान पाच-सहा दर नांदत असतात. तीन लाखांपर्यंतच्या अल्पमुदतीच्या पीककर्जाला केंद्राच्या सवलतीमुळे सात टक्के दर लागतो. मुदतीत फेड करणाऱ्याला केंद्राकडून तीन टक्क्यांची सूट मिळते. आणि राज्यानेही डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून भार उचलल्यामुळे २०२१-२२ पासून अशा शेतकऱ्याला तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्क्याने पडू लागले. त्याच गावात पतसंस्थेचा दर याच्या कितीतरी वर असतो. खासगी सावकाराचा दर तर वर्षाच्या भाषेत बोललाच जात नाही. शेकडा दोन, शेकडा तीन असे तो महिन्याच्या हिशेबात सांगतो. शेकडा तीन म्हणजे सरळव्याजाने वर्षाला ३६ टक्के.

आता मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात काय घडले ते पाहू. महागाई रोखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. अडीच टक्क्यांची ही वाढ अलीकडच्या काळातील सर्वांत वेगवान वाढींपैकी होती. शहरातील गृहकर्जदाराचा हप्ता लगेच वाढला, कारण ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांची नवी बदलत्या दराची किरकोळ कर्जे बाह्य निर्देशदराशी जोडली गेली होती. पण पीककर्जाचा शून्य टक्का शून्यच राहिला आणि सावकाराचा शेकडा तीन तीनच राहिला. उतरंडीतील सर्वांत खालचे आणि सर्वांत वरचे मडके जागचे हलले नाही. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या अवधीत रेपो दर साडेपाच टक्क्यांपर्यंत खाली आला, तेव्हाही तेच झाले.

सावकाराचा दर न हलण्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेला शेतकऱ्यांचा उठाव मुख्यतः पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. तथापि सप्टेंबरमध्ये तत्कालीन सातारा जिल्ह्यातील, आज सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात असलेल्या कुकरूड येथेही लोकांनी सावकाराच्या घरातील कर्जरोखे नष्ट केले. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत सातारा होता. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने केलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत सहकारी संस्थांचा कर्जातील वाटा फक्त ३.१ टक्के व सावकारांचा सुमारे ७० टक्के आढळला. पाहणीच्या संचालन समितीवर धनंजयराव गाडगीळ होते. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात सहकाराने जे उभे केले त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु सहकाराने सावकाराचा दर खाली आणला नाही, त्याने सावकाराचा ग्राहक कमी केला, हा भेद ध्यानी ठेवावा लागतो. ज्या दिवशी सोसायटीचे दार बंद असते त्या दिवशी शेकडा तीनचा दर पुन्हा जिवंत होतो.

रेपो दर कारखान्यापर्यंत कसा येतो

मग चलनविषयक धोरणाचा या भागावर काहीच परिणाम होत नाही काय? होतो, परंतु वळसा घेऊन. त्यासाठी साखर कारखान्याच्या अर्थव्यवहाराचा पैशाच्या दृष्टीने विचार करावा लागेल.

कारखाना ऊस पाच महिन्यांत विकत घेतो आणि साखर बारा महिन्यांत, कधी त्याहूनही अधिक काळात, विकतो. मधले अंतर भरून काढण्यासाठी तो राज्य सहकारी बँक वा जिल्हा मध्यवर्ती बँक यांच्याकडून गोदामातील साखरेवर माल तारण कर्ज उचलतो व त्यातून उसाचे बिल देतो. शेतकऱ्याच्या बिलातून सोसायटीचे पीककर्ज वळते होते. येथे एक मनोरंजक क्रिया घडते. तारण कर्जाने बँकव्यवस्थेत नवा पैसा निर्माण होतो आणि पीककर्जाच्या वसुलीने तेवढ्या अंशी जुना पैसा नाहीसा होतो. एकूण कर्ज संपत नाही. ते शेतकऱ्याच्या खात्यावरून कारखान्याच्या खात्यावर सरकते, आणि सवलतीच्या दरातून बाजारदरात जाते. साखर विकली जाईल तसतसे ते पुढे विझत जाते.

या दुसऱ्या कर्जावर मात्र रेपो दराचा परिणाम होतो. समजा एखाद्या कारखान्याचे वर्षभराचे सरासरी तारण कर्ज १०० कोटी रुपये आहे व गाळप पाच लाख टन आहे. व्याज एक टक्क्याने वाढले तर वर्षाला एक कोटी, म्हणजे टनामागे २० रुपये खर्च वाढतो. अडीच टक्क्यांची वाढ पूर्णपणे पोहोचली तर टनामागे ५० रुपये. हा खर्च कारखाना उसाच्या दरातून वसूल करू शकत नाही, कारण रास्त व किफायतशीर दर केंद्र सरकार ठरविते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला तो क्विंटलला ३५५ रुपये होता. साखरेच्या दरातूनही तो काढता येत नाही, कारण बाजारभाव देश पातळीवर ठरतो. दोन्ही बाजूंच्या किमती बांधलेल्या असताना वाढलेला खर्च कोठे जाणार? तो वेळेत जातो. बिल लांबते.

तारणाच्या हिशेबातही अशीच अडचण असते. केंद्राने साखरेचा किमान विक्री दर जून २०१८ मध्ये किलोला २९ व फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये केला. उतारा साडेअकरा टक्के धरला तर एका टन उसापासून १.१५ क्विंटल साखर मिळते. क्विंटलचे मूल्यांकन ३,१०० रुपये धरून बँकेने ८५ टक्के उचल दिली तर टनामागे सुमारे ३,०३० रुपये होतात. त्यातून प्रक्रिया खर्च व जुन्या कर्जांचे हप्ते यांपोटी, उदाहरणादाखल, ७०० रुपये राखून ठेवले, तर उसाच्या बिलासाठी २,३३० रुपये उरतात. देणे ३,००० असेल तर ६७० रुपये कमी पडतात. साखरेचे मूल्यांकन उतरले की मूळ कर्जच तारणापेक्षा जड होते. सहकारी बँकेच्या भाषेत खाते 'अपुऱ्या दुराव्यात' जाते आणि पुढची उचल थांबते. व्याजदर कितीही असो, त्या क्षणी पैसा मिळतच नाही. दराऐवजी रेशनिंग चालू होते.

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ अन्वये ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत बिल देणे बंधनकारक आहे व विलंबास दरसाल १५ टक्के व्याज लागते. आपल्या उदाहरणातील २,४०,००० रुपयांचे बिल ६० दिवस लांबले तर हे व्याज सुमारे ५,९१८ रुपये होईल. कायद्याने ठरविलेला हा दर रेपोच्या दुपटीहून अधिक आहे, आणि तो शेतकऱ्याच्या हाती पडल्याची उदाहरणे मात्र विरळा. म्हणजे व्यवहारात शेतकरी कारखान्याला बिनव्याजी कर्ज देतो. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. बिल लांबल्याने पीककर्जाची मुदत टळली तर शून्य टक्क्याची सवलत जाते. दीड लाखाच्या कर्जावर निव्वळ सात टक्क्यांनी वर्षाचे १०,५०० रुपये पडतात. आणि पुढच्या लागणीसाठी, खतासाठी, शाळेच्या प्रवेशासाठी त्याला शेकडा तीनकडे जावे लागले तर त्याचा खरा व्याजदर कोणत्याही सरकारी तक्त्यात सापडणार नाही. ऊसतोड टोळ्यांची उचल मात्र हंगामापूर्वीच, दसरा-दिवाळीच्या सुमारास, रोखीने द्यावी लागते व त्यातील बरीच रक्कम बीड व अन्य जिल्ह्यांत जाते. लहान अर्थव्यवस्थेच्या शोधनशेषातील ही मोठी गळती. तिची जोखीम वाहतूकदाराच्या माथी असते.

शून्य पेमेंट

सांगली व तासगावच्या बेदाणा बाजाराने या अडचणीवर एक स्थानिक तोडगा काढलेला आहे. सौद्यात घेतलेल्या मालाची रक्कम ठरावीक मुदतीने देण्याची पद्धत असल्याने वर्षभर अडते, खरेदीदार व शेतकरी यांच्यात येण्यादेण्याची साखळी तयार होते. दिवाळीपूर्वी काही आठवडे सौदे बंद ठेवून सर्व देणी फेडली जातात. बाजारात याला शून्य पेमेंट किंवा झिरो पेमेंट म्हणतात. कोणत्याही मध्यवर्ती बँकेच्या आदेशावाचून व्यापाऱ्यांनी पाळलेली ही ताळेबंदाची शिस्त आहे. तिच्यामुळे सौदे बंद असतानाही रोख पैशाची मागणी शिगेला पोहोचते. बँकेतील कॅश क्रेडिटची मर्यादा वापरली जाते, आणि ज्याला पैसा उभा करता येत नाही त्याची पत बाजारासमोर उघडी पडते. पुस्तकात मागणीचे कारण म्हणून उत्पन्न व व्याजदर दिलेले असतात. येथे ते कारण तिथी आहे.

नोव्हेंबर २०१६

पैशाची मागणी तशीच राहून पुरवठा एका रात्रीत आटला तर काय होते, याचा अनुभव ८ नोव्हेंबर २०१६ च्या निश्चलनीकरणाने दिला. पाचशे व हजाराच्या नोटा, म्हणजे मूल्याने सुमारे ८६ टक्के चलन, बाद झाले. गाळप हंगाम नुकताच सुरू झालेला होता. पुढे १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास व बदलून देण्यास मनाई केली. व्यापारी बँकेच्या खातेदाराला जी सोय होती ती सोसायटीच्या सभासदाला उरली नाही. अखेर या बँकांनी १० ते १४ नोव्हेंबरच्या दरम्यान स्वीकारलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरण्याची परवानगी जून २०१७ मध्ये मिळाली. सात महिने तो पैसा तिजोरीत होता, पण पैसा नव्हता.

त्या काळात व्यवहार पूर्णपणे थांबले नाहीत, हे विशेष. वाण्याची वही, अडत्याची चिठ्ठी, मजुराला धान्याच्या रूपाने दिलेली मजुरी यांनी रोकडीची जागा भरून काढली. स्थानिक पत ही चलनाची पर्यायी वस्तू ठरली. पण पत ज्याची आहे त्यालाच ती उपयोगी पडते. भाजी विकणारी बाई, ऊसतोड मजूर, रोजंदारीवरचा गवंडी यांना वही नसते. माण तालुक्यातील म्हसवड येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेने दारात जाऊन छोट्या ठेवी घेण्याची जी पद्धत रुजविली, तिचे महत्त्व अशा वेळी कळते.

गावची बँक आणि गावचा पैसा

लहान अर्थव्यवस्थेला स्वतःचे चलन नसले तरी स्वतःच्या बँका होत्या. सांगली बँक १९१६ मध्ये स्थापन झाली, सातारची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ मध्ये. सप्टेंबर २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्नवर व्यवहारबंदी आली व ऑक्टोबरमध्ये ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली. एप्रिल २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली. सात महिन्यांत दोन्ही जिल्ह्यांनी आपापली मोठी व्यापारी बँक गमावली. त्याआधी बँक ऑफ कराड १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बुडाली होती. कराडच्या नावाने मुंबईत दिलेल्या बँक पावत्यांनी तिचा शेवट केला. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाला. तेथील बहुतेक ठेवीदारांना ठेव विमा महामंडळाचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण लागू होते. पतसंस्थांतील ठेवींना असे संरक्षण नसते, कारण त्या बँका नव्हेत. तेथे मिळणारा एक-दोन टक्के जादा दर हा बक्षीस नसून जोखमीची किंमत आहे, ही गोष्ट निवृत्त शिक्षक व मुंबईहून परतलेले माथाडी कामगार यांना कोणी समजावून सांगत नाही.

बाहेरच्या बँकेत विलीन झालेल्या बँकेकडून ठेव सुरक्षित राहते, हा लाभ मान्य केला पाहिजे. परंतु कोणता अडत्या दिवाळीपूर्वी देणे फेडतो व कोणाचे खाते केवळ पावसामुळे थकले आहे, हे जाणणारा शाखाधिकारी त्या व्यवस्थेत उरत नाही. मग स्थानिक माहितीवर आधारलेल्या कर्जाची जागा तारणावर आधारलेले कर्ज घेते, आणि सोने तारण कर्जाच्या पाट्या सांगली-साताऱ्याच्या रस्त्यांवर का वाढल्या याचे एक उत्तर येथे मिळते.

तारखेचा प्रश्न

या भागासाठी चलनविषयक धोरण कोणते, असे विचारले तर पतधोरण समितीच्या निवेदनाहून उसाच्या बिलाचा आदेश अधिक जवळचा वाटतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य शासनाने रास्त व किफायतशीर दर दोन टप्प्यांत देण्यास मुभा देणारा निर्णय काढला: पहिला हप्ता महसूल विभागासाठी ठरविलेल्या पायाभूत उताऱ्यावर, उरलेली रक्कम हंगाम संपून प्रत्यक्ष उतारा निश्चित झाल्यावर. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. कारखान्यांची बाजू अशी की साखर विकली गेल्याविना पैसा कोठून आणायचा, आणि वर केलेला तारणाचा हिशेब पाहता ती पूर्णतः गैरलागू नाही. तरीही दोन टप्प्यांच्या पद्धतीत उताऱ्याच्या फरकाइतकी रक्कम महिनोन्महिने शेतकऱ्याकडून कारखान्याकडे उसनी राहत होती. टनामागे १५० रुपयांचा फरक मानला तर आपल्या ८० टनांच्या शेतकऱ्याचे १२,००० रुपये. एकट्याच्या दृष्टीने लहान. दररोज दहा हजार टन गाळणाऱ्या कारखान्याच्या दृष्टीने दिवसाला १५ लाख. इतकी रक्कम १४ दिवसांच्या आत गावात आली तर सोसायटीची मुदत पाळली जाते, शून्य टक्का शून्यच राहतो आणि वाण्याची वही मार्चअखेर कोरी होते. ती जूनमध्ये आली तर तोपर्यंत तिचा काही भाग शेकडा तीनने खाल्लेला असतो.